सूर इतरांचे, जबाबदारी तिची

सत्तर-ऐंशी वादक मंचावर अर्धवर्तुळात बसलेले असतात. प्रत्येकाच्या हाती वाद्य असते, पुढे स्वरलिपीचा कागद असतो. त्यांच्यासमोर चौथऱ्यावर उभी असलेली व्यक्ती मात्र काहीच वाजवत नाही. तिच्या हातातील बारीक छडीतून एकही सूर निघत नाही. तरीही मैफल रंगली तर पहिला मान तिला आणि फसली तर पहिला ठपकाही तिच्यावरच. पाश्चात्य सिम्फनी संगीतात या व्यक्तीला कंडक्टर म्हणतात; मराठीत वाद्यवृंद संचालक. ही जागा पिढ्यानपिढ्या जवळजवळ सर्वत्र पुरुषांकडेच राहिली. त्यामुळेच फेब्रुवारी २०१६ मध्ये इंग्लंडमधील 'सिटी ऑफ बर्मिंगहॅम सिम्फनी ऑर्केस्ट्रा'ने मिर्गा ग्राझिनीते-टीला या अवघ्या २९ वर्षांच्या लिथुआनियन संचालिकेची आपल्या संगीत संचालकपदी निवड केली, तेव्हा ती बातमी केवळ संगीताच्या पानापुरती उरली नाही.

एका तरुण स्त्रीला मोठ्या वाद्यवृंदाचे पहिले वर्ष कसे जाते, हा प्रश्न कुतूहलाचा आहेच. त्याहून महत्त्वाचा प्रश्न त्याच्या पाठीमागे उभा आहे. ते पहिले वर्ष मिळायलाच स्त्रियांना इतका काळ का लागला? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे संचालकाच्या कामाच्या स्वरूपातच दडलेली आहेत.

वरातीचा बँड आणि वारीचा चोपदार

मराठी माणसाला 'कंडक्टर' म्हटले की एसटी आठवते आणि 'ऑर्केस्ट्रा' म्हटले की गणेशोत्सवात रंगणारा हिंदी-मराठी चित्रपटगीतांचा कार्यक्रम. सिम्फनी ऑर्केस्ट्रा ही गोष्ट निराळी. व्हायोलिन, व्हियोला, चेलो आणि डबल बास ही तंतुवाद्ये. बासरी, ओबो, क्लॅरिनेट आणि बसून ही सुषिर वाद्ये. ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन आणि ट्यूबा ही पितळी वाद्ये. शिवाय टिंपनीसारखी तालवाद्ये, असा हा मोठा परिवार असतो. प्रत्येक वादकाने काय वाजवायचे ते संगीतकाराने आधीच लिहून ठेवलेले असते.

यातली काही वाद्ये खेड्यापाड्यालाही परकी नाहीत. हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजारसारख्या गावात लग्नाची वरात निघते तेव्हा बँडमधील क्लॅरिनेट, ट्रम्पेट आणि ढोल याच घराण्यातले असतात. ही वाद्ये आपल्याकडे प्रामुख्याने लष्करी पलटणींच्या बँडबरोबर आली. खुद्द हिंगोलीतही एकेकाळी हैदराबाद कंटिन्जंटची छावणी होती. पण वरातीच्या बँडचा मास्तर स्वतः क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट वाजवत पुढे चालतो आणि बाकीचे त्याच्या सुरामागे जातात. त्याचा अधिकार त्याच्या वादनातून येतो. आपल्या शास्त्रीय मैफलीतही तेच. गायक किंवा वादकच मैफलीचा धनी असतो आणि साथीदार त्याच्याकडे कान लावून असतात.

न वाजवता वाजविणाऱ्यांना सांभाळणारा माणूस शोधायचा तर तो वारीत सापडतो. पालखी सोहळ्यात समाजआरतीच्या वेळी चोपदार आपला चोप उंचावतो आणि शेकडो टाळ-मृदंग क्षणार्धात शांत होतात. चोपदाराच्या हाती वाद्य नसते. त्याच्या दंडाला मान असतो, कारण सगळ्या दिंड्यांनी तो मान्य केलेला असतो. सिम्फनीच्या संचालकाचा अधिकारही अशाच मान्यतेवर उभा असतो. फरक एवढाच की चोपदाराला परंपरा तो मान देते, नव्या संचालकाला तो पहिल्या तालमीपासून मिळवावा लागतो.

छडी नेमके काय करते?

संचालक उजव्या हाताने लय दाखवतो आणि डाव्या हाताने आवाजाचा चढ-उतार, वाद्यांचे प्रवेश, वाक्याचा कल. पण केवळ मात्रा मोजणे हे त्याचे काम नव्हे. तेवढे कसलेले वादक स्वतःही करू शकतात. संचालकाचा इशारा नेहमी सुराच्या आधी येतो. तबल्याच्या उठाणावरून जशी सम कुठे पडणार ते कळते, तसे छडीच्या पहिल्या उचलीवरून पुढचा सूर किती वेगाने, किती जोराने आणि कोणत्या भावाने यायचा, हे वादकांना कळावे लागते. उचल संदिग्ध असली की ऐंशी माणसे ऐंशी प्रकारे सुरुवात करतात.

मैफलीत दिसते ते कामाचे टोक. खरे काम तालमीत होते. संचालकाच्या पुढ्यातील ग्रंथात सर्व वाद्यांच्या ओळी एकाखाली एक छापलेल्या असतात. मोठ्या रचनेत एका पानावर अशा वीस-पंचवीस ओळी असू शकतात. त्या वाचून संपूर्ण रचना आधी मनात ऐकायची, मग प्रत्यक्ष ऐकू येणाऱ्या आवाजाशी ती ताडून पाहायची आणि फरक कुठे पडला ते नेमक्या शब्दांत सांगायचे. ट्रम्पेटच्या आवाजाखाली बासरी दबली का? चेलो किंचित मागे पडले का? व्हायोलिनचा गज एकाच दिशेने फिरतो आहे का? इंग्लंडमधील वाद्यवृंदांत एका मैफलीसाठी अनेकदा दोन-तीनच तालमी मिळतात. त्यामुळे कोणती चूक लगेच सुधारायची आणि कोणती वादक स्वतःच सुधारून घेतील, हे ओळखणे ही मोठी विद्या ठरते.

पाहुणा संचालक आठवडाभर येतो, मैफल करतो आणि निघून जातो. संगीत संचालकाचे तसे नसते. हंगामात कोणत्या रचना वाजवायच्या, नवे वादक कोण घ्यायचे, कोणत्या संगीतकाराला नवी रचना लिहायला सांगायची, यांत त्याचा शब्द महत्त्वाचा असतो. देणगीदार, नगरसेवक, शाळा आणि पत्रकार यांच्यासमोर वाद्यवृंदाचा चेहराही तोच असतो. वीस-पंचवीस वर्षे त्याच खुर्चीवर बसलेल्या वादकाला एखादी ओळ वेगळ्या रीतीने वाजवायला सांगताना तिशीतल्या संचालकाची कसोटी लागते. वादक सौजन्याने ऐकतात, पण ते मनापासून वाजवतात की केवळ कागदावरचे वाजवतात, हे पहिल्या वर्षातच ठरते.

ज्याचा घरी रियाज होत नाही

व्हायोलिन शिकणारी मुलगी दार लावून दिवसाचे आठ तास रियाज करू शकते. संचालकाचे वाद्य म्हणजे जिवंत माणसांचा वाद्यवृंद. तो मिळाल्याशिवाय रियाज होत नाही, रियाज झाल्याशिवाय कौशल्य येत नाही आणि कौशल्य नाही म्हणून वाद्यवृंद मिळत नाही. हे चक्र सर्वच नवोदितांना छळते. स्त्रियांच्या बाबतीत ते अनेक दशके फिरलेच नाही.

रॉटरडॅममध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या अँटोनिया ब्रिको यांनी १९३० मध्ये बर्लिन फिलहार्मोनिकचे संचालन केले. एवढी मोठी सुरुवात होऊनही त्यांना कायमचा मोठा वाद्यवृंद मिळाला नाही. म्हणून १९३४ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांचाच सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभारला. पुढील आयुष्याचा बहुतेक काळ त्यांनी डेन्व्हरमध्ये शिकविण्यात आणि तेथील हौशी वादकांच्या वाद्यवृंदाचे संचालन करण्यात घालविला. १९७४ मध्ये त्यांच्यावर माहितीपट निघाला, तेव्हा कोठे त्यांचे नाव पुन्हा चर्चेत आले. फ्रान्सच्या नादिया बुलांजे यांनी १९३०च्या दशकात लंडन आणि बोस्टन येथील नामवंत वाद्यवृंदांचे संचालन केले. पण जगाने त्यांना लक्षात ठेवले ते थोर शिक्षिका म्हणून.

वाद्यवृंदात नुसते वादक म्हणून बसणेही स्त्रियांना सोपे नव्हते. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये १९६६ मध्ये ओरिन ओब्रायन या डबल बास वादिकेची नेमणूक झाली, ती तेथील स्त्री वादकांच्या कायम प्रवेशाची सुरुवात मानली जाते. बर्लिन फिलहार्मोनिकने पहिली स्त्री वादक १९८२ मध्ये घेतली. व्हिएन्ना फिलहार्मोनिकने तर स्त्रियांना सदस्यत्व देण्याचा निर्णय १९९७ मध्ये घेतला.

वादकांच्या बाबतीत एका साध्या उपायाने मोठा बदल घडविला. १९७०च्या दशकापासून अमेरिकेतील अनेक वाद्यवृंदांनी निवड-चाचणीत उमेदवार आणि परीक्षक यांच्यामध्ये पडदा लावला. वाजविणारा पुरुष आहे की स्त्री, गोरा आहे की काळा, हे परीक्षकांना दिसेनासे झाले आणि त्यांना केवळ सुरावरून निर्णय घ्यावा लागला. त्यानंतरच्या काळात वाद्यवृंदांतील स्त्रियांची संख्या लक्षणीय वाढली.

परंतु हा पडदा संचालकाला लावता येत नाही. त्याचे काम दिसण्यावरच चालते. हात, डोळे, खांदे, उभे राहण्याची ढब हीच त्याची भाषा. म्हणून इतर सर्व वादकांसाठी पूर्वग्रह दूर ठेवण्याचा जो मार्ग सापडला, तो या एका जागेला लागू पडला नाही. 'वादक पुरुषांच्या इशाऱ्याला अधिक चांगला प्रतिसाद देतात' अशा अर्थाचे विधान एका नामवंत तरुण संचालकाने २०१३ मध्येही जाहीरपणे केले होते. त्याच सप्टेंबरमध्ये लंडनच्या प्रॉम्स महोत्सवाच्या सांगता रात्रीचे संचालन प्रथमच एका स्त्रीने केले. त्या होत्या अमेरिकेच्या मॅरिन ऑल्सप.

बाल्टिमोरचा धडा

ऑल्सप यांच्या पहिल्या वर्षाची कथा मिर्गा यांच्या कथेच्या आधी सांगायला हवी. लहानपणी त्यांनी लेनर्ड बर्नस्टाइन यांना संचालन करताना पाहिले आणि आपणही हेच करायचे असे ठरविले. मुलींना हे काम करता येत नाही, असे त्यांना तेव्हाच ऐकविण्यात आले. संचालनाच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळेना, तेव्हा त्यांनी १९८४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'कॉन्कॉर्डिया' नावाचा स्वतःचा वाद्यवृंद काढला. त्याला टोमिओ टाकी या जपानी उद्योजकाने आर्थिक पाठबळ दिले. पन्नास वर्षांपूर्वी ब्रिको यांनी निवडलेलाच हा मार्ग होता. वाद्यवृंद मिळत नसेल तर तो स्वतः उभारायचा आणि त्यावर रियाज करायचा.

जुलै २००५ मध्ये बाल्टिमोर सिम्फनी ऑर्केस्ट्राने त्यांची पुढील संगीत संचालक म्हणून निवड जाहीर केली. अमेरिकेतील एखाद्या मोठ्या वाद्यवृंदाचे प्रमुखपद स्त्रीकडे जाण्याची ही पहिलीच वेळ. मात्र आनंदाच्या या बातमीला लगेच गालबोट लागले. निवडीची प्रक्रिया घाईने आटोपण्यात आली, शोध आणखी चालू ठेवायला हवा होता, अशी बहुसंख्य वादकांची भूमिका त्यांच्या प्रतिनिधींनी उघडपणे मांडली. ज्यांच्या सहमतीवर काम चालायचे, त्यांचीच नाराजी वर्तमानपत्रांत छापून आली.

ऑल्सप यांनी पद नाकारले नाही आणि वादकांशी जाहीर वादही घातला नाही. त्या वादकांना थेट भेटल्या, त्यांच्याशी बोलल्या आणि कामाला लागल्या. सप्टेंबर २००७ मध्ये त्यांचा पहिला हंगाम सुरू झाला. आर्थिक साहाय्य मिळवून त्या हंगामासाठी प्रत्येक आसनाचे तिकीट २५ डॉलरवर आणण्यात आले. २००८ मध्ये शहराच्या गरीब वस्तीतील एका शाळेत अवघ्या ३० मुलांना घेऊन 'ऑर्ककिड्स' हा विनामूल्य संगीत शिक्षणाचा उपक्रम सुरू झाला; त्यासाठी ऑल्सप यांनी स्वतःला मिळालेल्या पाठ्यवृत्तीतील एक लाख डॉलर दिले. नाराजीत सुरू झालेली ही कारकीर्द २०२१ पर्यंत टिकली. याच काळात तरुण स्त्री संचालकांसाठी त्यांनी २००२ मध्ये सुरू केलेली पाठ्यवृत्तीही बहरली. तिचा गाभा असा की नवोदितांना अनुभवी मार्गदर्शन आणि त्याबरोबर प्रत्यक्ष वाद्यवृंदापुढे उभे राहण्याची संधी मिळावी.

बर्मिंगहॅमची निवड

बर्मिंगहॅमच्या वाद्यवृंदाची स्थापना १९२० मधली. तरुण संचालकांवर विश्वास टाकण्याची त्याची जुनी ख्याती आहे. सायमन रॅटल यांनी १९८० मध्ये तेथे सूत्रे घेतली तेव्हा ते २५ वर्षांचे होते. १९९८ पर्यंतच्या त्यांच्या कारकिर्दीत या वाद्यवृंदाला जागतिक नाव मिळाले आणि १९९१ मध्ये शहरात नवे सिम्फनी हॉल उभे राहिले. पुढे साकारी ओरामो आणि आंद्रिस नेल्सन्स हेही तरुण वयातच आले. २०१५ मध्ये नेल्सन्स गेल्यावर नवा शोध सुरू झाला.

मिर्गा यांचा जन्म १९८६ मध्ये व्हिल्निअस येथे, संगीताच्या घरात झाला. वडील समूहगायनाचे संचालक. समूहगान हा लिथुआनियाच्या सार्वजनिक जीवनाचाच भाग आहे. त्यामुळे मिर्गा यांची सुरुवात वाद्यापेक्षा गळ्यांच्या संचालनाने झाली. पुढे ऑस्ट्रियातील ग्राझ येथे त्यांचे शिक्षण झाले. २०१२ मध्ये त्यांनी साल्झबर्ग महोत्सवाचा तरुण संचालकांसाठीचा पुरस्कार जिंकला. त्यानंतर लॉस एंजेलिस फिलहार्मोनिकमध्ये साहाय्यक पदे आणि साल्झबर्गच्या लँडेसथिएटरचे संगीत संचालकपद त्यांना मिळाले. आपल्या आडनावाला त्यांनी स्वतः जोडलेल्या 'टीला' या लिथुआनियन शब्दाचा अर्थ शांतता असा आहे. स्वतः सूर न काढणाऱ्या कलावंताला हे नाव शोभून दिसते.

बर्मिंगहॅमच्या वादकांपुढे त्या प्रथम जुलै २०१५ मध्ये पाहुण्या म्हणून उभ्या राहिल्या. जानेवारी २०१६ मध्ये पुन्हा बोलावणे आले आणि ४ फेब्रुवारीला निवड जाहीर झाली. इतक्या कमी भेटींनंतर इतका मोठा निर्णय होणे आश्चर्याचे वाटेल. पण अशा निवडीत वादकांच्या मताला वजन असते आणि वादकांना काही तासांच्या तालमीतही पुष्कळ कळते. बाल्टिमोरच्या तुलनेत येथील मोठा फरक हाच होता. तिथे संचालक पदावर आल्यावर वादकांची मने वळवावी लागली. इथे आधी मने वळली होती आणि मग पद आले.

पहिले वर्ष

ऑगस्ट २०१६ च्या अखेरीस नव्या संचालिकेच्या कारकिर्दीची सुरुवात झाली. २७ ऑगस्टला, म्हणजे तिसाव्या वाढदिवसाच्या दोन दिवस आधी, मिर्गा आपला वाद्यवृंद घेऊन लंडनच्या प्रॉम्स महोत्सवात रॉयल अल्बर्ट हॉलच्या मंचावर उभ्या राहिल्या. त्या रात्रीचा कार्यक्रम त्यांच्या भूमिकेविषयी बरेच काही सांगतो. सुरुवातीला मोझार्टच्या 'द मॅजिक फ्लूट' या संगीतिकेची प्रस्तावना. मध्यभागी डॅनिश संगीतकार हान्स अब्राहमसेन यांची 'लेट मी टेल यू' ही अलीकडची रचना, गायिका बार्बरा हॅनिगन यांच्यासह. आणि शेवटी चायकोव्हस्कीची चौथी सिम्फनी.

यातील पहिली रचना श्रोत्यांच्या ओळखीची. शेवटची दणदणीत, पितळी वाद्यांना वाव देणारी, टाळ्या मिळवून देणारी. अवघड होती ती मधली. अब्राहमसेन यांची रचना बहुतांशी अत्यंत हळुवार आवाजात चालते. वाद्यवृंदाला मोठ्याने वाजवायला लावणे सोपे; पाच-सहा हजारांच्या सभागृहात ऐंशी जणांना कुजबुजायला लावणे कठीण. तिथे प्रत्येक वादकाला समोरच्या हातावर पूर्ण भरवसा ठेवावा लागतो. पहिल्याच मोठ्या परीक्षेत शांततेची बाजू निवडणे ही नव्या संचालिकेची हिंमत होती. समीक्षकांनी आणि श्रोत्यांनी तिचे उत्साहाने स्वागत केले.

पहिल्या वर्षात ताण नव्हते असे नाही. त्या हंगामात साल्झबर्ग आणि लॉस एंजेलिस येथील जबाबदाऱ्याही संपलेल्या नव्हत्या. तीन शहरांत एकाच वेळी काम चालू होते. बर्मिंगहॅमच्या शहर परिषदेकडून मिळणारे अनुदान त्या दशकात घटत चालले होते. अशा वेळी संगीत संचालकाला नव्या रचनांचा आग्रह धरताना सभागृह भरण्याचीही चिंता वाहावी लागते. अनोळखी रचना लावावी तर तिकिटे खपतील का, आणि ओळखीच्याच लावाव्यात तर वाद्यवृंदाची वाढ कशी होणार, हा पेच जगातल्या प्रत्येक वाद्यवृंदापुढे असतो.

शिवाय बातमीदारांचा एक प्रश्न सतत पाठीशी होता: स्त्री म्हणून कसे वाटते? पुरुष संचालकाला पुरुष म्हणून कसे वाटते, असे कोणी विचारत नाही. स्त्री संचालकाच्या चुकीकडे पाहण्याची रीतही वेगळी असते. तरुण पुरुष चुकला तर तो अननुभवी ठरतो. तरुण स्त्री चुकली तर स्त्रियांनाच हे जमत नाही, असा निष्कर्ष काढायला लोक तयार असतात. एका व्यक्तीच्या पहिल्या वर्षावर इतक्या साऱ्यांचे भवितव्य टांगणे हाच मोठा अन्याय होय. संख्या वाढली की तो आपोआप कमी होतो.

ऑगस्ट २०१७ मध्ये मिर्गा पुन्हा प्रॉम्सला आल्या. कार्यक्रमात बीथोव्हेनची सर्वपरिचित पाचवी सिम्फनी होती आणि तिच्या जोडीला आयरिश संगीतकार जेराल्ड बॅरी यांची नवी रचनाही. जुने आणि नवे शेजारी ठेवण्याची वर्षभरापूर्वीची रीत कायम होती. पुढे फेब्रुवारी २०१९ मध्ये 'डॉइच ग्रामोफोन' या नामांकित ध्वनिमुद्रिका कंपनीने त्यांच्याशी खास करार केला. या कंपनीशी असा करार करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री संचालक. त्यांची पहिली ध्वनिमुद्रिका लोकप्रिय रचनांची नव्हती, तर दीर्घकाळ उपेक्षित राहिलेल्या मिचिस्लाव्ह वाइनबर्ग या संगीतकाराच्या सिम्फनींची होती. २०२२ मध्ये त्यांनी बर्मिंगहॅमचे संगीत संचालकपद सोडले. पदाच्या व्यवस्थापकीय जबाबदाऱ्यांतून मोकळे होऊन संगीताकडे अधिक लक्ष देण्याची इच्छा त्यामागे होती. कोणी त्यांना काढले नाही आणि त्या अपयशीही ठरल्या नाहीत. पुरुष संचालकांप्रमाणेच त्या आल्या, काम केले आणि पुढे गेल्या. ही साधी गोष्टही स्त्रियांना नव्याने मिळालेली आहे.

मुंबईचा वारसा

या सर्व कथेला मुंबईची एक जुनी किनार आहे. मेहली मेहता यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. त्यांचा मुलगा झुबिन याच वाद्यवृंदाच्या तालमी ऐकत वाढला आणि किशोरवयातच वडिलांच्या जागी तालमीत उभा राहिला. १९५४ मध्ये झुबिन मेहता व्हिएन्नाला शिकायला गेले, १९५८ मध्ये लिव्हरपूलची स्पर्धा जिंकली, १९६१ मध्ये मॉन्ट्रिअल आणि १९६२ मध्ये लॉस एंजेलिस या वाद्यवृंदांचे प्रमुख झाले. तेव्हा ते २६ वर्षांचे होते. त्यांची प्रतिभा निर्विवाद. पण वयाच्या सोळाव्या वर्षी घरचा वाद्यवृंद हाती असणे हे भाग्यही त्यांच्या वाट्याला आले होते.

त्याच १९३५ मध्ये मुंबईत आणखी एक घटना घडली. लखनौच्या मॉरिस कॉलेजमध्ये शिकलेल्या खुर्शीद मिनोचेर-होमजी या पारशी तरुणीने बॉम्बे टॉकीजच्या 'जवानी की हवा' या चित्रपटाला संगीत दिले. त्याआधी बहिणींसह रेडिओवर तिचे वादन होत असे. पारशी मुलींनी चित्रपटात काम करण्याला समाजातून इतका विरोध झाला की तिला 'सरस्वती देवी' हे नाव घ्यावे लागले. पुढच्याच वर्षी आलेल्या 'अछूत कन्या'ने ते नाव देशभर पोहोचविले. चित्रपटाचा वादकसंच हा काही सिम्फनी ऑर्केस्ट्रा नव्हे. तरी वादकांना आपल्या मनातला सूर वाजवायला लावणारी तरुण स्त्री मुंबईने इतक्या आधी पाहिली होती आणि तिच्या पहिल्या वर्षाची किंमत तिने स्वतःच्या नावाने मोजली होती.

आज मुंबईत राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्राचा, म्हणजेच 'एनसीपीए'चा, 'सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' आहे. खुश्रू सनटूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालीव्ह यांनी तो २००६ मध्ये उभारला. त्यात सुरुवातीपासून परदेशी वादकांचा भरणा मोठा राहिला, कारण इतके प्रशिक्षित वादक देशात नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी २०१२ मध्ये त्याच्या जोडीने संगीत अकादमी सुरू झाली आणि मुले लहान वयापासून शिकू लागली. २०१९ मध्ये या वाद्यवृंदाने ब्रिटनचा दौरा केला, तेव्हा बर्मिंगहॅमच्या सिम्फनी हॉलमध्येही त्याची मैफल झाली. त्या वेळी मिर्गा यांचा वाद्यवृंद त्याच सभागृहात नांदत होता.

महाराष्ट्राच्या मातीशी नाते असलेली एक संचालिकाही आज युरोपात काम करते. मारिया बाडस्टू यांचा जन्म पंढरपूरचा. तान्ह्या वयात त्यांना एका डॅनिश कुटुंबाने दत्तक घेतले आणि त्या डेन्मार्कमध्ये वाढल्या, तिथेच संगीताकडे वळल्या आणि पुढे संचालिका झाल्या. पंढरपुरात जन्मलेली मुलगी हे करू शकते, याचा तो पुरावा आहे. पंढरपुरातच वाढली असती तर करू शकली असती का, हा प्रश्नही त्यातूनच उभा राहतो.

या प्रश्नाचे उत्तर गुणवत्तेपेक्षा सोयीसुविधांवर अवलंबून आहे. जवळा बाजारपासून एनसीपीएचे सभागृह पाचशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. भजनी मंडळात पेटी वाजविणाऱ्या किंवा शाळेच्या लेझीम पथकाला ताल देणाऱ्या मुलीचा कान तयार असतोच. पण व्हायोलिन शिकविणारा शिक्षक, स्वरलिपी वाचायची सवय आणि दहा-वीस वादकांचा लहानसा का होईना, पण नियमित वाजणारा संच तिला मिळत नाही. हा संच एखाद्या शाळेत, महाविद्यालयात किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी उभा राहू शकतो. तो पाश्चात्य वाद्यांचाच असला पाहिजे असेही नाही. आकाशवाणीने १९५२ मध्ये दिल्लीत भारतीय वाद्यांचा वाद्यवृंद उभा केला आणि त्याची धुरा पंडित रविशंकर यांच्याकडे दिली, हे उदाहरण आपल्यासमोर आहेच.

ब्रिको यांना १९३० मध्ये बर्लिनने एक संध्याकाळ दिली, पण वाद्यवृंद कोणी दिला नाही. ऑल्सप यांना तो स्वतः उभारावा लागला. मिर्गा यांना तो २९व्या वर्षी मिळाला. या तिघींमधील अंतर प्रतिभेचे नाही. समोर वादक बसलेले असणे, चुकायला सवड असणे आणि चुकल्यावर पुन्हा तालमीला बोलावले जाणे, एवढेच ते अंतर आहे.